खडकाळ ग्रहांचा इतिहास त्यांच्या पृष्ठभागावरून कसा वाचतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खडकाळ म्हणजे ज्यांना पाय ठेवायला घट्ट जमीन आहे असे बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ हे ग्रह. त्यांच्यासोबत आपला चंद्र आणि गुरूचा उपग्रह आयो यांनाही इथे घेतलं आहे. उत्तरांची लांबी सारखी नाही. जिथे सांगण्यासारखं जास्त होतं तिथे जास्त लिहिलं आहे.

दगड हातात आलेला नसताना, नुसत्या फोटोवरून तिथे पूर्वी काय घडलं हे कसं सांगता येतं?

सगळं सांगता येत नाही. घटनांचा क्रम मात्र बऱ्याचदा सांगता येतो, आणि निम्मं काम तिथेच होतं. नियम साधे आहेत. जे वर पसरलं आहे ते नंतरचं. एखादी भेग किंवा कडा दुसऱ्या कशाला कापत गेली असेल, तर कापणारी गोष्ट नंतरची. थरांच्या खडकांबद्दल निकोलस स्टेनो याने १६६९ साली जे मांडलं, तेच आज मंगळाच्या आणि बुधाच्या प्रतिमांना लावलं जातं.

चंद्रावरचं आर्किमिडीज हे विवर, म्हणजे आकाशातून आदळलेल्या दगडाने पाडलेला गोल खड्डा, घ्या. इम्ब्रियम नावाच्या ११०० किलोमीटरहून जास्त व्यासाच्या महाविवराच्या आत ते बसलं आहे, म्हणजे महाविवर आधीचं. आर्किमिडीजचा व्यास ८० किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या विवराच्या मधोमध डोंगर असायला हवा, पण त्याचा तळ सपाट आणि काळसर आहे, कारण लाव्हाने तो भरून टाकला. बाहेर फेकलेला त्याचा मलबाही बराचसा लाव्हाखाली गेला आहे. म्हणजे आधी महाविवर, मग आर्किमिडीज, मग लाव्हा. त्यानंतर केव्हातरी दक्षिणेला कोपर्निकस विवर झालं आणि त्याचे पांढुरके पट्टे या लाव्हावर येऊन पडले.

यातून एक मोठी गोष्ट कळते. प्रचंड आघात झाला आणि त्याच क्षणी खड्डा लाव्हाने भरला, असं चित्र पुष्कळांच्या डोक्यात असतं. ते खरं असतं तर आर्किमिडीजला मध्ये शिरायला वेळच मिळाला नसता. आघात आणि लाव्हा यांच्यात बराच काळ गेला आहे. एवढा निष्कर्ष काढायला यान उतरवावं लागलं नाही.

पण वर्षांमध्ये वय? ‘३५० कोटी वर्षांपूर्वीचं’ हे कुठून येतं?

विवरं मोजून. नुकत्याच घातलेल्या ओल्या कोब्यावर पावसाचे थेंब पडू लागले, तर किती ठिपके उमटले यावरून तो किती वेळ उघड्यावर होता याचा अंदाज येईल. ग्रहाचंही तसंच. लाव्हा पसरला की जुन्या खुणा पुसल्या जातात आणि मोजणी शून्यापासून सुरू होते. जितकी विवरं जास्त, तितका पृष्ठभाग जुना.

आता एवढ्याने फक्त ‘हा त्याच्यापेक्षा जुना’ इतकंच कळतं. वर्षांचा आकडा हवा असेल, तर अशी निदान काही ठिकाणं हवीत जिथली विवरंही मोजली आहेत आणि जिथल्या दगडांचं वयही प्रयोगशाळेत किरणोत्सर्गी मूलद्रव्यांवरून काढलं आहे. अशी जागा सध्या एकच: चंद्र. अपोलो मोहिमांनी १९६९ ते १९७२ दरम्यान एकूण ३८२ किलो दगड-माती आणली, थोडी सोव्हिएत ल्युना यानांनी आणली. त्यांतल्या लाव्हाच्या खडकांची वयं साधारण ३१० ते ३९० कोटी वर्षं निघाली. हे बिंदू जोडून एक वक्ररेषा काढली गेली, आणि ग्रहांच्या पृष्ठभागांची वयं म्हणून आपण जे आकडे वाचतो ते बहुतेक याच रेषेवरून आलेले असतात.

मग हे आकडे किती विश्वासाचे?

क्रम भक्कम आहे, आकडा थोडा हात राखून घ्यावा. माझं मत विचाराल तर बातमीत ‘२१० कोटी वर्षं’ असं दिसलं की तो आकडा कुठल्या रेषेवरून वाचला आहे हे आधी पाहावं.

अडचणी तीन आहेत. पहिली, अपोलोचे लाव्हा जवळजवळ सगळे ३०० कोटी वर्षांहून जुने होते. त्यानंतरच्या काळासाठी कोपर्निकस (सुमारे ८० कोटी वर्षं) आणि टायको (सुमारे ११ कोटी वर्षं) या विवरांचे अप्रत्यक्षपणे ठरवलेले बिंदू होते, आणि मधला प्रचंड पट्टा रिकामा होता. चीनच्या चांग-अ ५ यानाने डिसेंबर २०२० मध्ये आणलेल्या १,७३१ ग्रॅम नमुन्यात २०३ कोटी वर्षांचा बेसाल्ट, म्हणजे गोठलेल्या लाव्हाचा काळसर खडक, मिळाला, तेव्हा त्या पोकळीत एक खुंटा रोवला गेला.

दुसरी, सगळे खड्डे आकाशातून पडलेल्या दगडांचे नसतात. मोठा आघात झाला की उडालेले तुकडे दूर जाऊन पडतात आणि शेकडो लहान विवरं पाडतात. ही दुय्यम विवरं मोजणीत शिरली तर पृष्ठभाग आहे त्यापेक्षा म्हातारा ठरतो. ती बहुधा साखळीत किंवा घोळक्याने येतात, म्हणून अनुभवी डोळा ती वेगळी काढतो. सगळीच निघतात असं नाही.

तिसरी अडचण मंगळाची. तो लघुग्रहांच्या पट्ट्याजवळ आहे, म्हणून त्याच्यावरचा मारा चंद्रापेक्षा वेगळा. चंद्राचा हिशोब मंगळाला लावताना गुणक गृहीत धरावा लागतो, आणि मधल्या काळातल्या पृष्ठभागांच्या वयात दुपटीचा फरक सहज पडू शकतो. मंगळावरून आलेले अशनी, म्हणजे आकाशातून पडलेले दगड, आपल्याकडे आहेत, पण ते नेमके कुठल्या जागेवरून उडाले हे बहुतेकांच्या बाबतीत पक्कं नाही.

गोल खड्डा म्हणजे अशनीचाच कशावरून? ज्वालामुखीचं तोंडही गोलच असतं.

रास्त शंका आहे, आणि तिने मोठमोठ्यांना चकवलं आहे. अमेरिकी भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी अ‍ॅरिझोनातलं सव्वा किलोमीटर रुंदीचं विवर पाहून ते वाफेच्या स्फोटाचं ठरवलं. त्याच गिल्बर्ट यांनी १८९३ मध्ये चंद्रावरची विवरं आघाताची आहेत असा युक्तिवाद केला. म्हणजे चंद्राबद्दल बरोबर आणि पायाखालच्या खड्ड्याबद्दल चूक! अ‍ॅरिझोनाचा निकाल १९६० मध्ये लागला. यूजीन शूमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथल्या वालुकाश्मात कोएसाइट सापडलं. सिलिकाचं हे रूप प्रचंड दाबाखालीच तयार होतं.

आपल्या बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार हे याहून अवघड प्रकरण होतं. सगळीकडे दक्खनचा बेसाल्ट, म्हणजे मुलूखच ज्वालामुखीचा, तिथे १.८ किलोमीटरचा गोल खड्डा दिसला तर ते ज्वालामुखीचं तोंड आहे असं वाटणं स्वाभाविकच. बेसाल्टात क्वार्ट्झ, म्हणजे सिलिकाचं नेहमीचं रूप, जवळपास नसतं, त्यामुळे अ‍ॅरिझोनाची किल्ली इथे चालत नाही. तिच्या जागी कामाला आला मॅस्केलिनाइट: बेसाल्टातल्या फेल्डस्पार या खनिजाला आघाताचा जबरदस्त धक्का बसला की स्फटिकाची रचना मोडते आणि तो न वितळताच काचेसारखा होतो. ज्वालामुखी एवढा दाब देऊ शकत नाही. १९७०च्या दशकात लोणारच्या खडकांत तो दाखवला गेला आणि वाद मिटला. विवराच्या काठावर लाव्हाचे थर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूला कललेले आहेत, तेही आघाताशीच जुळतं. लोणारला महत्त्व आहे ते बेसाल्टामुळे. चंद्रावर आणि मंगळावर मोठ्या भागात बेसाल्टच आहे, आणि बेसाल्टात इतकं नीट टिकलेलं आघातविवर पृथ्वीवर दुर्मिळ, म्हणून जगभरचे अभ्यासक इथे येतात.

त्याच्या वयाबद्दल मात्र एकमत नाही. एका पद्धतीने ते ५२ हजार वर्षांच्या आसपास येतं, आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. अकरा पट फरक! नमुने हातात असूनही. मंगळाच्या आकड्यांकडे बघताना हे ध्यानात ठेवावं.

अशनी तिरका आला तर विवर लांबट व्हायला हवं ना?

फार क्वचित. सेकंदाला दहा-वीस किलोमीटर वेगाने आदळलेला दगड जमिनीत शिरताच त्याची ऊर्जा स्फोटासारखी चहूकडे सुटते, आणि स्फोटाचा खड्डा गोलच पडतो. अगदी जमिनीला घासत आलेला असेल तरच आकार लांबट होतो. तिरकेपणा कळतो तो फेकल्या गेलेल्या मलब्यावरून: एका बाजूला तो कमी असतो.

विवराच्या मधोमध डोंगर कधी असतो, कधी नसतो. का?

आकार आणि गुरुत्वाकर्षण. लहान विवर साध्या वाडग्याच्या आकाराचं राहतं. एका मर्यादेपलीकडे कडा खचतात, तळ उसळून वर येतो आणि मध्ये शिखर उभं राहतं. पृथ्वीवर ही मर्यादा २ ते ४ किलोमीटर आहे, चंद्रावर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून १५ ते २० किलोमीटर. लोणार या मर्यादेच्या आत आहे, म्हणून साधं. मधल्या शिखराचा खडक खोलवरून आलेला असतो, त्यामुळे खोदकाम न करता कवचाच्या आत काय आहे ते तिथे पाहता येतं.

चंद्रावरचे काळे आणि उजळ भाग म्हणजे दोन वेगळे काळ?

हो, आणि दोन वेगळे खडकही. उजळ भाग सर्वांत जुना. चंद्र तरुण असताना त्याच्यावर शिलारसाचा समुद्र होता. तो निवताना फेल्डस्पारचे हलके स्फटिक वर तरंगले आणि त्यांचं अ‍ॅनॉर्थोसाइटचं कवच झालं. काळे ‘सागर’ हे नंतर खालून वर आलेल्या बेसाल्टचे. चंद्रयान ३ च्या प्रज्ञान रोव्हरने २०२३ मध्ये दक्षिणेकडच्या उच्चभूमीवर मातीतली मूलद्रव्यं मोजली, आणि ती शिलारसाच्या समुद्राच्या या कल्पनेशी जुळली. अपोलो उतरलं होतं ते विषुववृत्ताजवळच्या भागात, म्हणून इतक्या दक्षिणेकडचा हा पुरावा मोलाचा.

मग पृथ्वीवर विवरं इतकी कमी का?

मारा पृथ्वीलाही तेवढाच झाला. खुणा पुसल्या गेल्या. महासागरांचा तळ बहुतेक ठिकाणी २० कोटी वर्षांहूनही तरुण आहे, आणि जमिनीवर पाऊस, नद्या, गाळ आहेतच. खात्रीने ओळखलेली आघातविवरं जगभरात २०० च्या आसपास भरतात.

शुक्रावर कायम ढग असतात. तिथलं काय कळतं?

रडारने ढगांखालचं दिसतं. मॅगेलन यानाने १९९० ते १९९४ दरम्यान जवळजवळ सगळा शुक्र रडारने टिपला, आणि त्यातून ग्रहविज्ञानातलं एक मोठं कोडं समोर आलं. साऱ्या ग्रहावर विवरं फक्त ९०० हून थोडी जास्त, तीही सगळीकडे विखुरलेली, आणि बहुतेक ताजी दिसणारी. लाव्हाखाली अर्धवट बुडालेली किंवा भेगांनी चिरलेली त्यांत फार कमी. हिशोब केला तर पृष्ठभागाचं सरासरी वय ३० ते ७५ कोटी वर्षांच्या दरम्यान येतं. त्याआधीची जवळपास ४०० कोटी वर्षं गेली कुठे?

एक गट म्हणतो, सारा ग्रह भूवैज्ञानिक दृष्टीने थोड्या काळात नव्या लाव्हाने झाकला गेला. दुसरा म्हणतो, नाही, इथे थोडं तिथे थोडं असं सतत चालू आहे आणि सरासरी तेवढीच येते. २०२३ मध्ये मॅगेलनच्याच १९९१ सालच्या दोन प्रतिमा शेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा मात मॉन्स ज्वालामुखीवरचं एक मुख आठ महिन्यांत मोठं होऊन आकार बदललेलं आढळलं. शुक्र आजही जागा आहे हे त्यातून दिसतं. मूळ वाद त्याने सुटत नाही, पण माझा कल आता दुसऱ्या गटाकडे थोडा जास्त झुकतो.

दोन-तीन किलोमीटरहून लहान विवरं शुक्रावर नाहीतच, कारण लहान दगड त्या दाट हवेतच फुटून जातात. जाता जाता: शुक्रावरच्या मोठ्या विवरांना नामवंत स्त्रियांची नावं देतात, आणि त्यांतलं एक आपल्या डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या नावाचं आहे. डॉ. जेरुशा झिराड यांच्या नावाचंही आहे.

बुध चंद्रासारखाच दिसतो. त्याच्या इतिहासात वेगळं काय?

तो आकसला आहे. मरिनर १० यानाने १९७४-७५ मध्ये पाठवलेल्या प्रतिमांत लांबच लांब, वळणदार कडे दिसले. जमिनीचा एक भाग दुसऱ्यावर चढला की असे कडे होतात. काही कडे जुन्या विवरांना मधून कापत जातात, म्हणजे विवर आधीचं आणि आकसणं नंतरचं. बुधाचा लोखंडी गाभा फार मोठा आहे. तो निवत गेला तसा ग्रह लहान झाला आणि कवचाला जागा पुरेना. मेसेंजर यानाच्या प्रतिमांवरून २०१४ मध्ये केलेल्या हिशोबानुसार बुधाची त्रिज्या ७ किलोमीटरपर्यंत कमी झाली असावी. काही लहान कडे इतके ताजे आहेत की हे काम अजून संपलेलं नाही असं दिसतं. चंद्रावरही असे छोटे कडे आहेत.

मंगळावर नद्या होत्या हे खरंच पक्कं आहे का?

होय, आणि पुरावा अनेक पातळ्यांवरचा आहे. दक्षिणेकडच्या जुन्या, विवरांनी भरलेल्या भागात फांद्याफांद्यांनी एकत्र येत जाणाऱ्या दऱ्यांची जाळी आहेत. ती ज्या जमिनीत कोरली गेली आहेत तिथली विवरसंख्या मोजली तर बहुतेक काम ३५० कोटी वर्षांपूर्वीच आटोपलेलं दिसतं. क्युरिऑसिटी रोव्हरला २०१२ मध्ये गेल विवरात गुळगुळीत, गोलसर गोट्यांचा खडक मिळाला. इतके मोठे गोटे वारा वाहून नेऊ शकत नाही, ते पाण्यातच घासले जातात. जेझेरो विवराच्या काठाशी नदीमुखाचा त्रिभुज प्रदेश फोटोतच ओळखू येतो, म्हणून पर्सिव्हिअरन्स रोव्हर २०२१ मध्ये तिथे उतरवलं. आणि गंमत पाहा, तळाशी सरोवराचा गाळ मिळेल असं पुष्कळांना वाटत असताना आधी अग्निजन्य खडकच मिळाले. गाळाचे खडक पुढे त्रिभुज प्रदेशात भेटले. वरून पाहून केलेलं वाचन जमिनीवर उतरल्यावर असं दुरुस्त होतं.

‘मंगळावर आज पाणी वाहतं’ या बातम्यांपासून मात्र चार हात दूर राहावं. उन्हाळ्यात उतारांवर लांबणाऱ्या काळ्या रेघा २०१५ मध्ये खाऱ्या पाण्याच्या म्हणून गाजल्या. २०१७ च्या अभ्यासात असं दिसलं की त्या कोरडी वाळू जेवढ्या उतारावर घसरते तेवढ्याच उतारावर थांबतात.

मंगळाचा उत्तर भाग गुळगुळीत म्हणून तरुण, हे वाक्यही अर्धवट आहे. यानाने लेझरने उंची मोजली तेव्हा त्या मैदानाखाली गाडलेल्या मोठमोठ्या गोल खळग्यांच्या खुणा दिसल्या. वरचा थर नवा, खालचं कवच जुनंच.

ऑलिम्पस मॉन्स एवढा उंच कसा?

सुमारे २२ किलोमीटर. मंगळाचं कवच पृथ्वीसारखं सरकत नाही, त्यामुळे लाव्हा कोट्यवधी वर्षं एकाच जागी साचत राहिला. हवाईत कवच सरकतं, म्हणून तिथे एका उत्तुंग पर्वताऐवजी बेटांची रांग झाली. ऑलिम्पसच्या शिखरावरच्या मुखांच्या तळाशी विवरं अगदी थोडी आहेत, तिथली वयं १० ते २० कोटी वर्षं मानतात.

एकही विवर नसलेली जागा आहे का?

आयो. त्याच्यावर आजवर एकही आघातविवर दिसलेलं नाही, कारण शेकडो ज्वालामुखी पृष्ठभाग सतत नवा करतात. गुरूच्या ओढीने आयोचं पोट मळलं जाऊन तापत असेल हे गणित मार्च १९७९ मध्ये छापून आलं, आणि काही दिवसांतच व्हॉएजर १ यानाने तिथले उद्रेक टिपले.

आपल्या सह्याद्रीत यातलं काही प्रत्यक्ष पाहायला मिळतं का?

भरपूर. घाटातल्या कड्यांवर दिसणारे आडवे पट्टे म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे एकावर एक आलेले लाव्हाचे लोट. दोन लोटांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातीचा पातळ थर असतो. खालचा लाव्हा उघड्यावर राहून कुजला, मग वरचा आला. म्हणजे उद्रेकात खंड पडला होता. धुळे-नंदुरबारकडे जमिनीतून उभ्या भिंतींसारखे निघालेले लांबलचक खडक दिसतात, त्या भेगांत गोठलेल्या शिलारसाच्या भिंती. त्या लोटांना कापत जातात, म्हणून लोटांहून नंतरच्या. चंद्राच्या फोटोला लावतात तोच नियम इथे हात लावून तपासता येतो.

फोटोत विवरं कधी उंचवट्यांसारखी दिसतात. माझेच डोळे फसतात का?

सगळ्यांचे फसतात. उजेड वरून येतो असं मेंदू गृहीत धरतो. फोटोत तो खालून येत असेल तर खड्डा टेकडी वाटतो. फोटो उलटा फिरवा, ठीक दिसेल. १९७६ मध्ये व्हायकिंग यानाला मंगळावर दिसलेला ‘चेहरा’ही तिरप्या उजेडाचाच खेळ होता. पुढच्या स्पष्ट प्रतिमांत ती साधी झिजलेली टेकडी निघाली.

घरच्या छोट्या दुर्बिणीतून काय पाहावं?

पौर्णिमेची रात्र विवरांसाठी वाईट, कारण सावल्याच पडत नाहीत. उजेड आणि अंधार यांच्या सीमेजवळ पाहावं. शुद्ध अष्टमीच्या सुमारास चंद्राची अपेनाइन पर्वतरांग, म्हणजे इम्ब्रियम महाविवराचा उचललेला काठ, सुरेख दिसते. नवमीच्या आसपास ‘सरळ भिंत’ नावाचा ११० किलोमीटर लांबीचा भ्रंश (जमीन चिरून एक बाजू खचल्याची कड) काळ्या रेघेसारखा उमटतो. वद्य पक्षात तोच उजळ दिसतो. दशमीकडे कोपर्निकसच्या पायऱ्यापायऱ्यांच्या कडा आणि मधली शिखरं. पौर्णिमेला एकच गोष्ट खास: टायकोचे किरण, म्हणजे त्याच्यापासून दूरवर पसरलेले मलब्याचे उजळ पट्टे. हे किरण अवकाशातल्या माऱ्याने कालांतराने विरतात, म्हणून ज्याचे किरण ठळक ते विवर तरुण.

दुर्बीण नाही. मोबाइलवर किंवा संगणकावर?

नासाचे ‘मून ट्रेक’ आणि ‘मार्स ट्रेक’ हे नकाशे ब्राउझरमध्ये मोफत उघडतात. चंद्रासाठी लुनार रिकॉनिसन्स ऑर्बिटर या नासाच्या यानाच्या प्रतिमांचा ‘क्विकमॅप’ आहे, आणि इस्रोच्या ‘प्रदान’ संकेतस्थळावर नोंदणी केली की चंद्रयान २ ची माहिती मिळते. शेवटचं थोडं किचकट आहे, सुरुवात क्विकमॅपने करावी. पान उघडल्यावर आधी उजेड कुठल्या बाजूने येतो ते पाहून घ्या.